आई उभी राहिली

त्या वर्षी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मी इस्त्री करता करता निवडत होते. टीव्हीसमोर इस्त्रीचं टेबल उघडायचं, ह्यांचे ऑफिसचे शर्ट एका खुर्चीवर, लेकीचे फ्रॉक दुसऱ्या खुर्चीवर, आणि समोर पडद्यावर ओळीनं उभे असलेले उमेदवार. ते बोलत राहायचे आणि मी कॉलरी दाबत राहायचे. कोणी जास्तच गोडगोड बोलायला लागला की माझ्या हातून वाफेचं बटण आपोआप दाबलं जायचं.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. आम्ही टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहत होतो. मी आदल्याच वर्षी अमेरिकेची नागरिक झाले होते. ह्यांनी मात्र नागरिकत्व घेतलं नव्हतं. "घेऊ की, घाई काय आहे," म्हणत हे दर वर्षी ती गोष्ट पुढे ढकलायचे. जुना पासपोर्ट हातातून सुटत नव्हता, हे मला कळत होतं, म्हणून मी फार बोलत नसे. पण त्यामुळे घरात मत द्यायचा हक्क मला एकटीलाच होता, आणि मी त्याचा तोरा मिरवत होते, खोटं कशाला बोलू?

इथे खऱ्या निवडणुकीच्या आधी पक्षातल्या पक्षात एक निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. पक्षानं कोणाला उभं करायचं हे पुढाऱ्यांनी बंद खोलीत ठरवायचं नाही, लोकांनी मतं देऊन ठरवायचं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. आमच्याकडे तिकीट कोणाला मिळालं हे पेपरात वाचून कळायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून 'ह्याला कसं काय दिलं' म्हणून हळहळायचं. इथे ती हळहळ आधीच करून घ्यायची सोय होती.

उमेदवारांची खरी नावं आमच्या घरात कोणी घेत नव्हतं. मी त्यांना नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. एक होता 'जावई'. केस नीट बसवलेले, दात पांढरे, कुठलाही प्रश्न आला की आधी प्रश्न विचारणाऱ्याचे आभार मानणार, मग त्याच्या गावाचं कौतुक करणार, आणि उत्तराची वेळ आली की घंटा वाजणार. दुसरा 'तहसीलदार'. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं की आपणच त्याच्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभे आहोत आणि तो आत्ता म्हणणार, 'उद्या या,' असं वाटायचं. तिसरा 'धाकटा', कारण तो दुसऱ्याचं बोलणं कधी पुरं होऊ देत नसे. आणि चौथा 'मास्तर'.

मास्तर दिसायला काही खास नव्हता. कोट खांद्यावर नीट बसत नसे, आवाज बारीक, आणि शाईच्या पेनानं हवेत काहीतरी लिहीत बोलायची सवय. पेपरवाले त्याला कंटाळवाणा म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तो होताच कंटाळवाणा. पण एकदा वादविवादात त्याला कोणीतरी कुठल्यातरी दूरच्या देशाबद्दल आडवा प्रश्न विचारला. बाकीच्या तिघांनी लगेच माना डोलवायला सुरुवात केली, जणू काही ते तिथे लहानपणी सुट्टीला जात होते. मास्तर सरळ म्हणाला, हे मला माहीत नाही, विचारून सांगतो.

माझी इस्त्री हातातच राहिली. पुरुष माणूस चारचौघांत 'मला माहीत नाही' म्हणतो, हे मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते. आमचे हे ह्यूस्टनच्या फ्रीवेवर चुकीच्या एक्झिटनं उतरले तरी तासभर 'शॉर्टकट आहे' म्हणत गाडी चालवत राहतील, पण पेट्रोलपंपावर थांबून रस्ता विचारणार नाहीत. मी तिथल्या तिथे ठरवलं की माझं मत मास्तरला.

"आई, यू लाइक हिम?" लेकीनं सोफ्यावरून विचारलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं.

"हो."

"बट ही इज सो बोरिंग!"

"तुझे बाबापण बोरिंग आहेत. पण बारा वर्षं झाली, काही बिघडलंय का?"

हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "थँक यू."

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. पुढे मात्र मजा राहिली नाही.

तेलाचे भाव पडले होते, आणि आमच्या सगळ्या गावाचं पोट तेलावर होतं. रस्त्यानं चालत गेलं तर उमेदवारांच्या पाट्यांपेक्षा 'घर विकणे आहे' अशा पाट्याच जास्त दिसायच्या. ह्यांच्या कंपनीत ह्यांच्याच सेक्शनमधल्या काही जणांना नारळ मिळाला होता, आणि एप्रिलमध्ये आणखी काही जणांना मिळणार अशी कुजबुज होती. कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं, हे ह्यांच्या बॉसच्या हातात. घर, गाड्या, लेकीची शाळा, सगळं त्या एका पगारावर चालत होतं.

बॉस म्हणजे उंचापुरा, लालबुंद टेक्सन. आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहायचा. अंगणात त्याच्या पक्षाची पाटी, गाडीवर पक्षाचे स्टिकर, टायवर पक्षाची पिन. एकदा ऑफिसात कॉफी पिताना तो मोठ्यानं म्हणाला होता, त्या दुसऱ्या पक्षाचं आपल्यात कोणी नाही ना? सगळे हसले. आमचे हेही हसले, आणि घरी आल्यावर रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. कारण तो दुसरा पक्ष म्हणजे माझ्या मास्तरचा.

आणि टेक्सासची गंमत अशी की प्रायमरीत मत देताना कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी, ते टेबलावरच्या माणसाला तोंडानं सांगावं लागायचं. मग मतदार कार्डावर त्या पक्षाचा शिक्का बसायचा. मत गुप्त, पण पक्ष उघडा.

"अगं, मतच द्यायचंय ना?" हे मला समजावत म्हणाले. "मग बॉसच्या पक्षाची मतपत्रिका घे आणि दे कोणालाही. नाहीतर ह्या वर्षी राहू दे. रिस्क कशाला घ्यायची? तोही आपल्या इथल्या शाळेतच व्होट करतो."

त्यावर मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की लेक आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी म्हटलं, मत माझं आहे, तुमच्या बॉसच्या कॉफीत घालायला आणलेली साखर नाही. हे म्हणाले, मी तुला कोणाला मत दे ते सांगत नाहीये, मी फक्त घाबरलोय. ते इतक्या सरळ बोलले की माझा राग जिथल्या तिथे बसला. घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. सकाळी बॉस ऑफिसात असताना जायचं, हळूच मत देऊन यायचं, कोणाशी बोलायचं नाही, अंगावर बिल्ला वगैरे काही लावायचं नाही. मी कबूल केलं. मला तरी कुठे ढोल बडवायचा होता?

मार्चमधली सकाळ होती. अझेलिया फुलल्या होत्या आणि हवा आत्तापासूनच चिकट झाली होती. शाळा आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. मी माहेरी मतदानाला जाताना नेसायचे तशी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून गेले. टेबलावर एक आजीबाई होत्या. त्यांनी कुठला पक्ष विचारला. मी इकडेतिकडे बघून इतक्या हळू सांगितलं की त्यांनी कानामागे हात धरला. परत सांगितलं. कार्डावर शिक्का बसला.

मग मी डावा हात पुढे केला आणि पहिलं बोट त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी बोट आणखी जरा पुढे केलं. आजीबाईंचा चेहरा एकदम कळवळला, त्यांनी ड्रॉवर उघडला आणि त्यातून चिकटपट्टी काढली. कुठे कापलं, त्यांनी विचारलं. आता आजीबाईंना शाईचं काय सांगायचं? मी म्हटलं, काही नाही, थोडंसंच, आणि निमूटपणे बोटाला चिकटपट्टी लावून घेतली. तशीच पडद्याआड जाऊन तिथल्या टोचणीनं मास्तरच्या नावापुढे भोक पाडून आले. मतपत्रिकेवर चिन्ह कुठेच नव्हतं, नुसती नावं. मास्तरचं आडनाव मी पहिल्यांदाच नीट वाचलं.

बाहेर पडताना आजीबाईंनी मला थांबवलं. संध्याकाळी मतदान संपलं की हे शिक्क्याचं कार्ड घेऊन परत ये, म्हणाल्या, सभा आहे, त्यात तुझ्या उमेदवाराला आणखी मदत होईल. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. एकाच निवडणुकीत एकाच माणसानं दोनदा मत द्यायचं, आणि तेही कायद्यानं! आमच्याकडे ह्याच कामासाठी लोकांना पोलिसांनी पकडून नेलेलं मी पाहिलं होतं. असली संधी कोण सोडणार?

संध्याकाळी हे ऑफिसातून आले तेव्हा आमच्या मराठी मंडळातल्या काकू घरी आल्या होत्या. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात लेक नाचणार होती, तिच्या कपड्यांचं माप घ्यायचं होतं. काकू मूळच्या पुण्याच्या, आणि ह्यूस्टनमधल्या मराठी घरांत कोणाकडे काय शिजतंय हे त्यांना फोडणी बसायच्या आत कळायचं. मी ह्यांना सांगितलं, मतदानाचं थोडं काम राहिलंय, शाळेत जाऊन अर्ध्या तासात येते. साडी बदलून पँट-शर्ट घातला आणि निघाले.

शाळेच्या पार्किंगमध्ये शिरले आणि पाय थबकला. स्टिकरांनी भरलेली बॉसची गाडी समोरच उभी होती. दारावरच्या पाटीवरून कळलं की दोन्ही पक्षांच्या सभा आज इथेच आहेत. बॉसच्या पक्षाची जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, आमची मुलांच्या जेवणाच्या हॉलमध्ये. मध्ये फक्त एक कॉरिडॉर. तरी वाटलं, आत जाऊन पेटीत चिठ्ठी टाकायची आणि मागच्या दारानं निघायचं, त्याला काय वेळ लागतो?

आत पेटी नव्हती. पडदा नव्हता. एक माणूस बाकावर चढून सांगत होता, अमक्याचे लोक खिडकीपाशी उभे राहा, तमक्याचे दुधाच्या मशीनपाशी, आणि उरलेले त्या कोपऱ्यात. म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपापल्या उमेदवाराच्या जागी जाऊन उभं राहायचं, आणि मग डोकी मोजायची. हेच मतदान!

मला घाम फुटला. तुम्हाला वाटेल एवढं काय त्यात. पण मी वाढले ती वस्ती गावाच्या कडेला होती. मतदानाच्या दिवशी वडील धुतलेला पांढरा शर्ट घालून सगळ्यांत आधी रांगेत उभे राहायचे, आणि मत देऊन आले की तोंडाला कुलूप. गावातले मोठे लोक गोड बोलून विचारायचे, काय, कोणाला दिलं? वडील म्हणायचे, ते पेटीला माहीत. कारण ज्याच्यावर नुसता संशय आला, त्याला दुसऱ्या दिवसापासून शेतावर कामाला बोलावणं बंद व्हायचं. आमच्या शेजारच्या काकांच्या घरात असा एक अख्खा उन्हाळा चूल कशी पेटायची, ते मी पाहिलेलं आहे. मत द्यायचं, पण कोणाला दिसू द्यायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरांनाही सांगावं लागत नसे. आणि इथे मला कोपऱ्यात जाऊन उभं राहायला सांगत होते, ज्याच्या हातात आमची चूल तो पलीकडच्या खोलीत बसलेला असताना.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. जावयाची खिडकी भरून गेली होती. तहसीलदाराकडेही बरीच गर्दी. मास्तरचा कोपरा कुठला म्हणावा, तर नेमका कॉरिडॉरच्या उघड्या दारासमोरचा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. आणि त्यात माणसं अगदी थोडी. त्यांची पुढारी होती एक बुटकी, पिकल्या केसांची बाई, पायात लालभडक बूट आणि आवाज भाजीबाजारात शोभेल असा.

"एक! आम्हाला फक्त एक माणूस कमी पडतोय!" ती ओरडत होती. ठरावीक संख्या भरली नाही तर त्या कोपऱ्याची मोजणीच व्हायची नाही, असा नियम होता. म्हणजे मास्तरला इथून काहीच मिळणार नव्हतं. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "हनी, तू कोणाची?"

मी ह्यांचा जेवतानाचा गप्प चेहरा आठवला. एप्रिल आठवला. वडिलांचं ते 'पेटीला माहीत' आठवलं. आणि मग मला स्वतःचाच असा राग आला की काय सांगू. अरे, वडील लपवत होते ते नाइलाजानं, हौसेनं नव्हे! तोंड उघडलं तर पोटावर पाय येईल, म्हणून त्यांनी जन्मभर तोंड बंद ठेवलं. मी सात समुद्र ओलांडून येऊन तेच करायचं?

मी गेले. सरळ चालत गेले आणि कोपऱ्यात उभी राहिले. लाल बूटवालीनं आनंदानं माझ्या दंडाला धरलं आणि मी नको म्हणायच्या आत मास्तरच्या नावाचा बशीएवढा स्टिकर माझ्या शर्टावर चिकटवला.

मोजणी काही संपेना. दुधाच्या मशीनपाशी कसलातरी वाद निघाला, सगळ्यांना परत मोजायला लागले, आणि जागेवरून हलू नका अशी ताकीद मिळाली. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. घरी काळजी करतील म्हणून मी परवानगी काढून दाराबाहेरच्या फोनवरून घरी फोन केला. लेकीनं उचलला. मागे गलका चाललेला, नीट ऐकू येत नव्हतं. मी ओरडून सांगितलं, "बाबांना सांग, आई उभी राहिली आहे, वेळ लागेल! काय सांगशील?"

"आई उभी राहिली आहे, वेळ लागेल," लेकीनं शब्द न् शब्द म्हणून दाखवला. तिचं मराठी त्या दिवशी इतकं शुद्ध होतं की मला कौतुकच वाटलं.

घरी पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. लेकीनं निरोप जसाच्या तसा दिला. इंग्रजीत सांगितला असता तर काही झालं नसतं. आई पायांवर उभी आहे, एवढाच तिच्या दृष्टीनं त्याचा अर्थ. पण निवडणुकीच्या दिवशी मराठी माणसाच्या कानावर 'उभी राहिली' पडलं, की त्याचा अर्थ एकच.

"कशाला उभी राहिली?" हे किंचाळले.

"आय डोन्ट नो, बाबा. शी जस्ट सेड उभी राहिली."

"अगं बाई!" काकूंच्या हातातली टेप खाली पडली. "निवडणुकीला उभी राहिली? आणि आम्हाला पत्ता नाही?" त्यांनी फोन उचलला, आणि हे गाडीची किल्ली घेऊन घरातल्या सपातांवरच धावत सुटले. मला थांबवायला. ऑफिसात कळायच्या आत.

शाळेत शिरल्यावर ह्यांना जे दार पहिलं उघडं दिसलं ते जिमचं. हे सरळ आत.

"अरे, बघा कोण आलंय!" बॉसचा आवाज घुमला. तो दोन्ही हात पसरत आला, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ह्यांना आपल्या शेजारी पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. त्यांची सभा रंगात आली होती. एकेक ठराव मांडायचे आणि हात वर करून मतं घ्यायचे. सगळ्या रांगा हात वर करत होत्या आणि आमचे हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. दोन-तीन ठराव झाल्यावर बॉस ह्यांच्या कानाशी वाकला. हात का नाही वर करत?

"मी सिटिझन नाही, सर."

"मग इथे काय करतोयस?"

खोटं बोलायचं तर सुचलं पाहिजे ना! हे म्हणाले, "बायकोला शोधतोय." आणि बॉसनं सगळ्या जिमवर नजर फिरवली. एवढ्या लोकांत आमच्या रंगाचं दुसरं कोणी नव्हतं. बायको इथे नाही तर कुठे असणार, हे कळायला त्याला फार वेळ लागला नसावा. तो "हं" म्हणाला आणि उठला. "चल."

त्याच वेळी आमची मोजणी संपली होती. मास्तरच्या कोपऱ्याला पुढच्या मोठ्या सभेत पाठवायला एक प्रतिनिधी मिळाला होता, म्हणजे आमचं उभं राहणं वाया गेलं नव्हतं. मी आणि लाल बूटवाली दारातून बाहेर आलो, आणि समोर बॉस. त्याचा भला मोठा हात ह्यांच्या खांद्यावर, आणि ह्यांचा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा पांढरा. माझ्या छातीवर तो बशीएवढा स्टिकर. झाकायचा म्हणून मी हात वर नेला, आणि तसाच खाली आणला. आता झाकून काय उपयोग होता? संपलं, मी मनात म्हटलं. एप्रिलपर्यंतसुद्धा थांबायला नको.

बॉस आमच्यासमोर येऊन थांबला. त्यानं माझा स्टिकर वाचला. मग माझ्या शेजारच्या बाईचा वाचला. मग मोठा सुस्कारा सोडला.

"हनी," तो लाल बूटवालीला म्हणाला, "घरी जेवायला काही आहे का?"

ती त्याची बायको होती! मी तिला आधी कधी पाहिलंच नव्हतं. ऑफिसच्या पार्टीला ती यायची नाही. "मी ह्याच्या मित्रांबरोबर जेवत नाही, अन्न पचत नाही," तिनंच मला हसत हसत कारण सांगितलं.

"तीस वर्षं चाललंय हे," बॉस ह्यांना म्हणाला. "मी मत देतो, ही जाऊन ते खोडते. दोघं घरी बसलो असतो तरी हिशेब तोच." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमचा माणूस पडणार."

"पडू दे," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. बायको खदखदून हसली, आणि मग बॉसही.

आणि जाता जाता तो ह्यांना म्हणाला, "उद्या त्या पंपाचं ड्रॉइंग घेऊन सकाळी लवकर ये. मला त्यात एक शंका आहे."

उद्या. सकाळी लवकर. पंपाचं ड्रॉइंग. इतकी सुंदर वाक्यं मी त्या देशात आल्यापासून ऐकली नव्हती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या कॉरिडॉरमध्ये समजलं. मी भिंतीशी ठेवलेल्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसून घेतलं.

गाडीत बसल्यावर ह्यांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. मग कळलं, हसताहेत. मीही हसायला लागले. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या निघून गेल्या तरी आम्ही आपले तिथेच.

"उभी राहिलीस म्हणजे नुसती उभी राहिलीस होय गं?" हे डोळे पुसत म्हणाले. "मला वाटलं, आता हिची पोस्टरं लावायला लागणार."

घरी काकूंनी तोवर आपलं काम चोख केलं होतं. फोन सारखा वाजत होता. कोणी अभिनंदन केलं, कोणी विचारलं कशासाठी उभ्या आहात, नगरपालिकेला की त्याहून वर. ह्यांचा एक नागपूरचा मित्र म्हणाला, "वहिनी, व्हाइट हाउसला जाल तेव्हा आमच्यासाठी एक खोली ठेवा, यार." काकूंना खरं कळलं तेव्हा त्या जरा हिरमुसल्या. "नुसतीच उभी?" त्या म्हणाल्या. पुढे वर्षभर मंडळात मी 'उमेदवार वहिनी' होते.

बॉसचं म्हणणं खरं ठरलं, मास्तर पडला. काही आठवड्यांनी त्यानं टीव्हीवर येऊन माघार घेतली, तेव्हाही कोट खांद्यावर नीट बसला नव्हता. मला वाईट वाटलं, पण रडू वगैरे आलं नाही. एप्रिल आला आणि गेला. ह्यांच्या सेक्शनमधले आणखी दोघं गेले, हे राहिले. जे गेले त्यातला एक बॉसच्याच पक्षाचा, अंगणात पाटी लावणारा. त्याच्यासाठी मी एक भाजी आणि पोळ्या करून पाठवल्या. नोकरीचा आणि मताचा काही संबंध नव्हता, हे कळल्यावर कित्येक महिन्यांनंतर मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

पुढच्या वर्षी ह्यांनी नागरिकत्व घेतलं. कोणी आग्रह केला नव्हता, आपण होऊनच. त्यानंतर पहिली निवडणूक आली ती गावातली होती, शाळेच्या बोर्डाची की कसली ते आता आठवत नाही. मतदानाला दोघं बरोबर गेलो. हे पडद्याआड बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

गाडीत बसल्याबरोबर मी विचारलं, "कोणाला दिलंत?"

"तुला कशाला सांगू?" हे म्हणाले, आणि गाडी रिव्हर्स घेतली.

मी सरळ विचारून पाहिलं, आडून विचारून पाहिलं, रुसून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. ज्या माणसाला बॉसच्या एका प्रश्नानं जेवण गेलं नव्हतं, तो आता बायकोलाही घाबरत नव्हता. मला राग यायला हवा होता. मी मात्र सीटवर मागे टेकून बसले आणि घर येईपर्यंत हसत राहिले.